पांचां उत्तरीं न संपणारी कहाणी

कहाणी सांगणारीस ती संपवावयाची असते आणि ऐकणारीस ती लांबवावयाची असते, हें ज्यानें घरांत लहान मुलें वाढविलीं त्यास सांगावयास नको. पूजा आटोपलेली असते, नैवेद्याचें ताट झांकून ठेवलेलें असतें, पोटांत कावळे ओरडत असतात; साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं आवरती घ्यावी, असाच सर्व वडीलधाऱ्या मंडळींचा मनोदय असतो. परंतु हातांत अक्षता घेऊन बसलेल्या मुलींना तो मान्य नसतो. सांगणारी थांबते आणि त्या सुरू होतात. कहाणींतील 'उत्तर' या शब्दाचा मूळ अर्थ काय असेल तो असो. आम्हांस मात्र पुष्कळ दिवसांपासून असें वाटत आलें आहे कीं, उरलेलीं पंचावन्न उत्तरें याच मुलींपाशीं असतात, आणि त्यांतलीं फार थोडीं आपण ऐकून घेतो.

श्रावणांत आमच्या घरीं कहाण्या वाचण्याचा परिपाठ अद्यापि चालू आहे. वाचतात त्या स्त्रिया आणि ऐकतात त्याहि स्त्रिया. आमची जागा बाहेरच्या खोलींत, वर्तमानपत्राच्या आड. या आडोशाचा लाभ आम्हीं वर्षानुवर्षें घेतला आहे. प्रथम बहिणी, मग मुली आणि आतां नाती, अशा तीन पिढ्यांतील मुलींचे कहाण्यांवरील अभिप्राय त्या जागीं बसून आमच्या कानीं पडले. वर्तमानपत्रांतील अभिप्रायांहून ते पुष्कळदां अधिक विचार करण्यासारखे होते, म्हणून त्यांतील कांहीं येथें मांडावेसे वाटतात.

त्यांस आज विशेष महत्त्व येण्याचें कारण असें कीं, जुन्या गोष्टी मुलींना सांगाव्या कीं सांगूं नयेत, हा वाद सुशिक्षित घरांतून वरचेवर ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो, या गोष्टींनीं मुलींच्या मनावर दास्याचा ठसा उमटतो. सोसणारी ती गुणी आणि बोलणारी ती द्वाड, असें त्या शिकतात. दुसरा पक्ष म्हणतो, याच गोष्टींनीं मुलींच्या अंगीं नम्रता आणि सोशिकपणा येतो, म्हणून त्या सांगितल्याच पाहिजेत. दोघांचें भांडण कितीहि कडाक्याचें असलें तरी एका गोष्टीविषयीं त्यांचें पूर्ण एकमत आहे. मुलीचें मन म्हणजे ओली माती आणि गोष्ट म्हणजे लांकडी छाप, हें दोघेहि धरून चालतात. आडोशाला बसून आम्हीं जें ऐकलें त्यावरून ही उपमाच आम्हांस पटेनाशी झाली आहे.

पहिल्या पक्षाचा आरोप अगदींच निराधार आहे असें मात्र नाहीं. आपल्या कहाण्यांतील बायकांची यादी करूं लागलें तर सून, सासू, जाऊ, नणंद, सवत आणि माहेरवाशीण यांतच ती बहुतेक संपते. व्रताचें फळ म्हणून पतीचें आयुष्य मिळतें, मुलगा मिळतो, घराची भरभराट होते. केवळ आपल्यासाठीं कांहीं मागणारी व्रतस्था विरळा. ही विषमता प्रथम आजच्याच पिढीच्या ध्यानीं आली असेंहि नाहीं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुष तुलना' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत सावित्रीच्या कथेवर एक रोकडा सवाल आहे. सावित्री पतीच्या प्राणांसाठीं यमापर्यंत गेली. पण बायकोसाठीं त्या वाटेवर निम्म्यापर्यंत तरी गेलेला नवरा कोणी ऐकला आहे काय, असा त्याचा आशय. महाभारताच्या आदिपर्वांत सर्पदंशानें गतप्राण झालेल्या प्रमद्वरेस तिच्या वाग्दत्त वरानें, रुरूनें, आपलें अर्धें आयुष्य देऊन उठविलें अशी कथा आहे खरी. परंतु रुरूसाठीं कोणत्या वडास सूत गुंडाळलें जातें? गोष्ट पोथींत असणें निराळें आणि ती दरसाल घरोघरीं सांगितली जाणें निराळें. मुलींच्या कानांवर कोणती गोष्ट किती वेळां पडते याची निवड त्यांच्या हातीं नसते. ऐकलेल्या गोष्टीचें त्या काय करतात, तेवढेंच त्यांच्या हातीं असतें. आणि तेंच पाहण्यासारखें आहे.

अगदीं लहानांपासून आरंभ करूं. चिमणी-कावळ्याची गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असें मराठी मूल आम्हीं पाहिलें नाहीं. पावसांत कावळ्याचें शेणाचें घर वाहून जातें, चिमणीचें मेणाचें टिकतें. कावळा भिजत दाराशीं येतो, आणि चिमणी त्याला थांबवून धरते. बाळाला न्हाऊं घालणें, अंग पुसणें, काजळ घालणें, निजविणें, अशीं तिचीं कामें एकामागून एक निघतात. सुधारकाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही गोष्ट वाईटच. चिमणीच्या वाट्यास सारें न्हाणेंधुणें, आणि बाहेरचें जग कावळ्याचें. परंतु हाच खेळ मुली मांडतात तेव्हां चिमणी होण्यासाठीं भांडणें लागतात, आणि कावळा व्हावयास धाकट्या भावास पकडून आणावें लागतें. कारण उघड आहे. घर चिमणीचें आहे आणि दाराची कडी तिच्या हातीं आहे. मोठ्या माणसांना गोष्टींत कामें दिसतात. मुलींना कडी दिसते.

आमची मधली नात पांच वर्षांची असतांना या खेळांत चिमणीचीं कामें आपल्या मनानें वाढवीत असे. एके दिवशीं बाळाचीं सारीं कामें संपलीं, चहाहि पिऊन झाला, तरी कावळा बाहेर तिष्ठतच होता. तेव्हां तिनें आंतून सांगितलें, "थांब जरा, मी उगीच बसलेंय." त्यावर तिची मोठी बहीण, जी त्या खेळांत पंच होती, म्हणाली, "असं नाहीं चालत. काम पाहिजे." हा निवाडा ऐकून आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. घरांतील बाईनें दार उघडण्यास उशीर लावावयाचा तर कांहीं तरी कामाचें निमित्त पाहिजे. उगीच बसली आहे म्हणून ती कोणास ताटकळत ठेवूं शकत नाहीं, हा नियम त्या आठ वर्षांच्या मुलीस कोणीं शिकविला? चिमणीनें खास नव्हे. तो तिनें आमच्याच घरांत पाहिला होता. पांच वर्षांच्या मुलीनें तो मोडून पाहिला, आणि मोडण्याची जागा तिला त्या जुन्या गोष्टींतच सांपडली.

पुढें मुली श्रावणांतल्या कहाण्या समजण्याइतक्या मोठ्या होतात तेव्हां त्यांचे प्रश्न असे खेळकर राहत नाहींत. शिवामुठीची कहाणी बहुतेकांस ठाऊक असेल. राजाला चार सुना. तिघी लाडक्या, चौथी नावडती. नावडतीच्या वाट्यास उरलेलें अन्न, जाडें वस्त्र, गोठ्यांतला बिछाना आणि गुरें राखण्याचें काम येतें. रानांत तिला नागकन्या व देवकन्या भेटतात आणि श्रावणी सोमवारीं महादेवास मूठभर धान्य वाहण्याचा वसा सांगतात. सासरच्या सर्व माणसांस आपण आवडती व्हावें, एवढेंच ती देवाजवळ मागते. पुढें घरचीं माणसें तिचा देव पाहावयास जातात, तिच्या प्रार्थनेनें देऊळ सोन्याचें होतें, आणि नावडती आवडती होऊन घरीं परत येते.

ही कहाणी संपल्यावर एका वर्षीं जी उत्तरें निघालीं तीं आमच्या अद्यापि स्मरणांत आहेत. मोठी म्हणाली, "सोन्याचं देऊळ सोडून ती परत कशाला गेली?" मधलीनें विचारलें, "तें सोनं पाहूनच ती त्यांना आवडली ना?" या दोन्ही प्रश्नांवर आमच्या सौभाग्यवतींनीं, देवाची करणी, म्हणून कशीबशी वेळ मारून नेली. मग सर्वांत धाकटी, जी तोंवर अक्षतांचे दाणे मोजीत होती, तिनें विचारलें, "पण आजी, ती नावडती कां होती ग?"

त्या दिवशीं पूजेस शेजारची एक मुलगी येऊन बसली होती. लग्न होऊन दोन वर्षें झालीं होतीं आणि गेले कांहीं महिने ती माहेरींच होती. ती कां परत आली याविषयीं आळींत निरनिराळीं कारणें सांगितलीं जात. तिला स्वयंपाक येत नाहीं येथपासून तिची जीभ तिखट आहे येथपर्यंत. सौभाग्यवतींनीं पुस्तकाचीं पानें उलटून पाहिलीं. तेथें कारण दिलेलें नव्हतें. तेव्हां ती मुलगी हातांतल्या अक्षता तशाच धरून त्या चिमुरडीस म्हणाली, "कारण लागत नाहीं, बाळ." कोणीच कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें सौभाग्यवतींनीं पुस्तक मिटलें आणि त्या मुलीस आपल्या शेजारच्या पानावर जेवावयास बसविलें.

पुढें आम्ही ती कहाणी पुन्हां वाचून पाहिली. खरोखरच तींत कारण नाहीं. कहाणी सांगणारीस तें सुचलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. कारणें तर घरोघरीं तयारच असतात. वर्ण, हुंडा, वरणांतलें मीठ, मुलीवर झालेली मुलगी, पायगुण. नावडत्या सुनेस दोषांची उणीव कधींच पडत नाहीं. बायकांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या घोळलेल्या या कहाणीनें मात्र त्यांतलें एकहि पदरीं घेतलें नाहीं. कारण न देऊन तिनें त्या सुनेस पहिल्याच वाक्यांत निर्दोष ठरविलें. आळीनें जें केलें नाहीं तें कहाणीनें केलें होतें. आणि आळीनें त्या शेजारणीस जो प्रश्न सरळ विचारला नव्हता, तो एका बालिकेनें कहाणीच्या नायिकेविषयीं विचारला, म्हणून त्या मुलीच्या तोंडून तेवढे चार शब्द बाहेर पडले. ही कहाणी मुलींना दास्य शिकविते म्हणून ती फडताळांत बंद करून ठेवली असती, तर त्या शब्दांस वाट कोठून मिळाली असती?

शुक्रवारच्या कहाणीचा प्रकार निराळा. हिच्यांत बहीण गरीब आहे आणि भाऊ श्रीमंत. भाऊ सहस्रभोजन घालतो, सारा गांव बोलावितो, पण बहिणीस बोलावीत नाहीं; तिच्या लुगड्याकडे पाहून लोक हंसतील ही त्याची भीति. ती मुलांना घेऊन आपण होऊन पंक्तीस बसते, तर तो तिला हात धरून बाहेर घालवितो. पुढें लक्ष्मी प्रसन्न होते, बहिणीकडे वैभव येतें, आणि तोच भाऊ तिला आग्रहानें जेवावयास नेतो. तेव्हां ती शालजोडी आणि दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ ठेवूं लागते. हें काय करतेस, असें भावानें विचारतांच ती सांगते कीं, तूं ज्यांना बोलाविलेंस त्यांनाच जेवूं घालीत आहें. येथें मुली टाळ्या पिटतात. तीनहि पिढ्यांच्या मुलींनीं पिटलेल्या आम्हीं ऐकल्या आहेत. सोशिकपणाचा पाठ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कहाणींत सगळ्या मुलींच्या लक्षांत राहतें तें बहिणीचें सोसणें नव्हे, तिचें तें उत्तर.

परंतु अलीकडे टाळ्यांनंतर आणखी एक प्रश्न येऊं लागला आहे. आमची थोरली नात, जी आतां कॉलेजांत जाते, तिनें विचारलें, "आजी, तें घर भावाचं कसं? वडिलांचं ना?" "वडिलांचंच असणार ग." "मग तिचा वाटा कुठं गेला?" हा प्रश्न आमच्या बहिणींनीं विचारला नव्हता. त्या लहान होत्या तेव्हां वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क नव्हता, आणि जो नाहींच तो कहाणींत शोधावा तरी कसा? महाराष्ट्रानें १९९४ सालीं कायदा दुरुस्त करून हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलींना तो हक्क दिला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्यांस वगळून. २००५ सालच्या दुरुस्तीनें तो देशभर दिला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, हा हक्क जन्मानेंच प्राप्त होत असल्यामुळें २००५ सालीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें स्पष्ट केलें. जग बदललें तसे गोष्टींतले रिकामे कोपरेहि मुलींच्या नजरेस पडूं लागले.

तरीहि कहाणी जुनी झाली असें म्हणण्याची घाई करूं नये. हक्कसोडपत्रावर सही करून, भावानें दिलेली साडी घेऊन परतणाऱ्या बहिणी आपल्या सर्वांच्या नात्यांत आहेत. पुष्कळजणी तें राजीखुषीनें करीत असतील. परंतु माहेर तुटेल या धास्तीनें सही करणाऱ्या थोड्या नाहींत. भावाचें दार बहिणीस केव्हां उघडतें, हाच या कहाणीचा विषय आहे. कहाणींत तें उघडण्यास लक्ष्मीला मधें पडावें लागलें. कायद्यानें तें लक्ष्मीच्या कृपेवांचून उघडूं पाहिलें. तें सर्वत्र उघडलें असतें तर नातीच्या प्रश्नानें आमच्या माजघरांत जी शांतता पसरली ती पसरली नसती. त्या दिवशीं पंक्तीस आमच्या दोन्ही बहिणी बसल्या होत्या.

सून आणि बहीण यांना बोलावयास कहाणींत असे आडमार्ग घ्यावे लागतात. म्हातारीस मात्र ते लागत नाहींत. खुलभर दुधाच्या कहाणींतला राजा महादेवाचा गाभारा दुधानें भरावयाचा हुकूम सोडतो. सारें गांव वासरांच्या आणि मुलांच्या तोंडचें दूध काढून ओततें, तरी गाभारा भरत नाहीं. एक म्हातारी आधीं घरच्यांस दूध देते, वासरांस पाजते, आणि मग उरलेलें खुलभर दूध नेऊन वाहते, गाभारा भरतो. राजाच्या भक्तींत कोठें चुकलें हें ती त्याला समजावून सांगते. तशीच लेकीकडे निघालेली ती दुसरी म्हातारी. वाघाला वाटेवर थाप देऊन जाते, लेकीकडे खाऊनपिऊन गलेलठ्ठ होते आणि भोपळ्यांत बसून सुखरूप परत येते. मुलींना या दोघी अतिशय आवडतात, राजकन्यांहूनहि अधिक. त्यांना कोणी आवडती किंवा नावडती म्हणत नाहीं. त्या हुकूम जसाचा तसा पाळीत नाहींत, एकट्या रानांतून जातात, वेळ पडली तर खोटेंहि बोलतात, आणि गोष्ट त्यांना शिक्षा करीत नाहीं.

मधल्या नातीनें एकदां हिशेब घातला. "म्हणजे सून असतांना बोलायचं नाहीं, आणि म्हातारी झाल्यावर राजालासुद्धां सांगायचं. शहाणपण एकदम म्हातारपणींच येतं का ग, आजी?" सौभाग्यवती क्षणभर थांबून म्हणाल्या, "आधींहि असतं, बाई. तेव्हां कोणी ऐकून घेत नाहीं." चाळीस वर्षांच्या संसारांत हें वाक्य आम्हीं त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलें, आणि तेंहि भिंतीपलीकडून.

आतां कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशास? जुन्या गोष्टी बदलून नव्या सांगाव्या. राजकन्येच्या हातीं तरवार द्यावी कीं काम झालें. हा उपाय करून पाहिलेला आहे. रॉबर्ट मन्श या कॅनडांतील लेखकाची 'पेपर बॅग प्रिन्सेस' ही गोष्ट १९८० सालीं प्रसिद्ध झाली. तींत अग्निमुखी राक्षसी प्राणी राजपुत्रास पळवून नेतो आणि राजकन्येचीं सारीं वस्त्रें जाळून टाकतो. ती कागदी पिशवी अंगावर घालून त्याच्या पाठीस लागते, युक्तीनें त्याला थकविते आणि राजपुत्रास सोडविते. तो मात्र तिच्या मळक्या अवतारास नांवें ठेवतो, तेव्हां ती त्याला सोडून आनंदानें आपल्या वाटेनें जाते. ऑस्ट्रेलियांतील ब्रॉन्विन डेव्हिस या विदुषींनीं अशा गोष्टी बालवयाच्या मुलामुलींना वाचून दाखविल्या आणि त्यांचीं उत्तरें ऐकलीं; त्यावरील त्यांचा ग्रंथ १९८९ सालीं निघाला. पुष्कळ मुलांना ती राजकन्या शूर न वाटतां घाणेरडी वाटली. तिनें अंग धुवून, चांगले कपडे घालून यावयास हवें होतें, म्हणजे लग्न झालें असतें, असा त्यांचा अभिप्राय पडला.

यावरून गोष्टींनीं कांहींच होत नाहीं असें कोणी समजूं नये. एवढेंच दिसतें कीं, गोष्ट रिकाम्या मनांत उतरत नाहीं. घरीं जें दिसतें तें मुलांपाशीं आधींच असतें, आणि नवी गोष्ट त्या मापानें मोजली जाते. जुनीहि त्याच मापानें मोजली जाते. आमच्या मोठ्या नातीनें चिमणीस कामाची अट घातली ती याच मापानें. कहाणी चालली असतां पाणी मागणारा कोण आणि पाणी देण्यासाठीं उठणारी कोण, नैवेद्याचें ताट प्रथम कोणापुढें येतें, परीक्षेच्या दिवसांत कोणाचा अभ्यास मोडून दळण आणावयास पाठवितात, हें सर्व मुली अक्षतांबरोबर हातांत घट्ट धरून बसलेल्या असतात. ही न सांगितली जाणारी कहाणी बारा महिने चालू असते. ती तशीच ठेवून पुस्तकांतली तेवढी बदलली, तर मुली दोहोंपैकीं कोणतीस खरी मानतील?

उलट जुन्या गोष्टींत प्रश्नांस मूळचीच जागा कशी राहिली, याचा विचार कर्नाटकांत जन्मलेले आणि शिकागो येथें अध्यापन करणारे पंडित ए. के. रामानुजन यांनीं केला आहे. त्यांचें निधन १९९३ सालीं झालें. पुरुषाच्या पराक्रमाच्या गोष्टी बहुधा लग्नानें संपतात. स्त्रियांनीं सांगितलेल्या, स्त्रियांविषयींच्या गोष्टींत लग्न लौकरच उरकतें आणि खरी कसोटी त्यापुढें सुरू होते, अशा आशयाचें त्यांचें निरीक्षण आहे. आपल्या कहाण्यांस तें तंतोतंत लागू पडतें. वधूचा प्रवेश होतो तो सासरच्या उंबरठ्याच्या आंत. ज्या स्त्रियांनीं या कहाण्या सांगितल्या त्यांस, लग्न झालें आणि सर्व सुखी झालीं, असें म्हणतां येणें शक्यच नव्हतें. त्यांना पुढचें ठाऊक होतें. जें उघड बोलतां येत नव्हतें तें त्यांनीं देवाच्या नांवानें सांगितलें, आणि ऐकणाऱ्या मुलींना तें कळेल एवढी फट ठेविली.

ही फट बुजते ती दोन कारणांनीं. पहिलें कारण छापखाना. मेरी फ्रीअर यांनीं ॲना लिबेराता डिसूझा या आपल्या आयेच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी 'ओल्ड डेक्कन डेज' या नांवानें १८६८ सालीं प्रसिद्ध केल्या. त्या ॲनाबाईंनीं आपल्या आजीकडून ऐकलेल्या होत्या. किंकेड साहेबांनीं श्रावणांतल्या कहाण्या इंग्रजींत उतरविल्या, तें पुस्तक १९१४ सालीं निघालें. घरोघरच्या चातुर्मासाच्या पुस्तकांनीं त्यांचा मराठी पाठहि कायम केला. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. ते नसते तर कितीतरी गोष्टी सांगणारीबरोबरच गेल्या असत्या. तथापि छापलेली कहाणी ऐकणारीचें तोंड पाहून आपला शब्द बदलीत नाहीं. आतां तर पुष्कळ घरीं मोबाइलवर कहाणी लावून देतात. उच्चार स्पष्ट आणि वेळेचीहि बचत. पण तें यंत्र पुढच्या वारच्या कहाणीकडे निघून जातें. "ती नावडती कां होती?" या प्रश्नास तें थांबत नाहीं.

दुसरें कारण अधिक जुनें आणि अधिक घातक. कहाणी चालली असतां मधें बोलूं नये, आणि संपल्यावर शंका काढूं नये, ही ताकीद. गोष्टीनें मुलगी दबते असें आम्हांस अनुभवास आलें नाहीं. "गप्प बस" या दोन शब्दांनीं मात्र दबलेल्या मुली आम्हीं पाहिल्या आहेत. सगळ्याच मुली प्रश्न विचारतात असेंहि नाहीं. कांहींना दागिन्यांचेंच वर्णन आवडतें. आमची एक पुतणी तर कैक वर्षें आवडत्या राणीचाच पक्ष घेत असे. त्यांना त्याची मोकळीक असावी. परंतु जी विचारते तिला नजरेनें दटावलें, कीं ती पुढच्या वर्षीं विचारीत नाहीं, आणि दोन वर्षांनीं तिला प्रश्नहि पडेनासा होतो. मग कहाणी खरोखरच पांचां उत्तरीं संपते, आणि दोन्ही पक्षांना जो छाप हवा किंवा नको असतो तो मागाहून खरा ठरतो.

आदित्य राणूबाईच्या कहाणींत याविषयीं एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. ब्राह्मण आपली कहाणी सांगण्यासाठीं राणी झालेल्या लेकीकडे जातो, तर राजा शिकारीस निघाला आहे म्हणून तिला ऐकावयास वेळ नसतो. दुसरी लेक, प्रधानाची बायको, लगेच ऐकावयास बसते आणि तिचें कल्याण होतें. राणीस दारिद्र्य येतें. पुढें दिवस पालटल्यावर तीच राणी कहाणी सांगावयास निघते, तेव्हां ती ऐकणारें उपाशी माणूस रानावनांत शोधावें लागतें. आणि कहाणी सांगण्यापूर्वीं ती आपल्या सहा मोत्यांतलीं तीन त्या ऐकणाऱ्याच्या हातीं देते. सांगणारीचीं तीन, ऐकणाऱ्याचीं तीन. एकटीनें सांगितलेल्या कहाणीचें फळ पुरें होत नाहीं, हें त्या जुन्या बायकांनीं ओळखलें होतें. यावर आमच्या धाकट्या नातीचें म्हणणें असें कीं, वेळ नव्हता म्हणून राणीला शिक्षा झाली, मग शिकारीला गेलेल्या राजाला कां झाली नाहीं?

प्रश्न बिनतोड आहे. आम्ही तिला एवढेंच विचारलें कीं, तुझ्या मतें काय व्हावयास हवें होतें? ती विचार करून सांगते म्हणाली. येता आदितवार लांब नाहीं. आणि यंदा आमचा पाट आंत मांडावा, असें आम्हीं सौभाग्यवतींस सांगून ठेविलें आहे.